एकच काडी द्या

२ मार्च, सोमवार

आज वाईट बातमी आली आणि तीसुद्धा वाजतगाजत. आमच्या जहाजाच्या खेळाचा नवा भाग येतोय म्हणे, एकतीस तारखेला. छान. आणि त्याच दिवशी जुना भाग कायमचा बंद. हे मात्र खाली, मुंगीच्या अक्षरात.

नवा भाग माझ्या मशीनवर चालणार नाही. मशीननेच सांगितलं. 'तुमचा संगणक पुरेसा नाही' असं पडद्यावर आलं. पुरेसा नाही म्हणे! माझ्या नवऱ्यानेसुद्धा सोडून जाताना एवढं स्वच्छ सांगितलं नव्हतं.

हे मशीन मला काडीमोडात मिळालं. सोफा, कपाट, वॉशिंग मशीन त्याच्याकडे गेलं आणि हे माझ्या गळ्यात पडलं, कारण तेव्हा ते बंद होतं. मी खटपट करून चालू केलं. मग धाकटीने त्यावर हा खेळ टाकायला लावला आणि आम्हा दोघींचं जहाज पाण्यात उतरलं. रोज संध्याकाळी सात ते आठ. सुकाणू माझ्याकडे, शिडं तिच्याकडे. जहाज चौघांचं आहे. उरलेल्या दोन जागांवर कॉम्प्युटरचे खलाशी असतात, त्यांना आम्ही ठोंबे म्हणतो.

धाकटी म्हणजे माझी बहीण, चिमणी. लग्न करून इतकी लांब गेली की दोन वर्षांत भेट नाही. आता तिला दिवस गेलेत आणि बाळ होईपर्यंत पलंगावरून उतरायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. जी मुलगी जेवतानासुद्धा उभीच असायची, तिला! नवरा कामावर, घर रिकामं, हिने छत बघत पडायचं. काल म्हणाली, "ताई, मी सकाळपासून सात वाजायची वाट बघते. तेवढं एकच आहे बघ."

ते एकच आता एकतीसला बंद होणार.

म्हणून ठरवलं. फ्रीजसाठी डब्यात साठवलेले पैसे मशीनला घालायचे. दूध नासलं तर नासलं. डब्यात आहेत तेवढ्यातच बसवायचं, उधारी करायची नाही. बेकरीत कुणाला सांगायची सोय नाही, म्हणतील या वयात बाई चळली. म्हणून इथे लिहितेय.

४ मार्च, बुधवार

दोन दिवस दुपारी व्हिडिओ बघितले. प्रत्येकात एक मुलगा मोठ्या खुर्चीत बसून ओरडतो. मशीनच्या पोटात लाल-निळे दिवे. मीही ओरडणाऱ्यांचं ऐकून यादी केली आणि बेरीज बघून खालीच बसले. एवढ्यात बेकरीला नवी भट्टी आली असती, दोन कप्प्यांची.

तीन दुकानांना फोन केले. तिघांनीही विचारलं, "मुलासाठी का मॅडम?" मुलगा नाही म्हटलं तर, "मग पुतण्यासाठी?"

शेवटी बेकरीच्या मालकीणबाईंना मशीन बिघडलंय एवढंच सांगितलं आणि त्यांनी सुचवलेल्या दुकानात गेले, चपलांच्या दुकानामागच्या बोळात. काउंटरमागे एक उंच माणूस, वय माझ्याएवढंच असेल, चष्मा कपाळावर आणि सगळे खण उपसून चष्माच शोधतोय! काखेत कळसा म्हणणार होते, पण ना ओळख ना पाळख. "कपाळावर आहे," एवढंच म्हटलं. त्याने चष्मा खाली ओढला, माझ्याकडे बघितलं आणि यादी बघायच्या आधी विचारलं, "काय खेळता?"

मुलगा नाही, पुतण्या नाही. काय खेळता! मी सांगितलं. "जहाजावर तुम्ही कुठे असता?" म्हणाला. म्हटलं, सुकाणूवर. "वा," म्हणाला.

मग माझ्या यादीवर काट मारत सुटला. दिवे नकोत. गार करायला पाण्याच्या नळ्या नकोत. प्रोसेसर आहे तो धावेल. ग्राफिक्स कार्ड वापरलेलं बघू, चांगलं मिळतं. वीज पुरवणारा डबा, म्हणजे त्यांच्या भाषेत एसएमपीएस, तो मात्र नवा घ्या, तिथे हात आखडू नका.

"म्हणजे आधी भट्टी, मग आयसिंग," मी म्हटलं.

"मॅडम, हे इतक्या सोप्या शब्दांत मलाही सांगता आलं नसतं," तो म्हणाला.

उगाच कौतुक. माणूस बरा वाटला, जरा संथ आहे. शनिवारी मशीन घेऊन बोलावलंय.

७ मार्च, शनिवार

आज जी मजा झाली ती लिहिलीच पाहिजे.

मशीन न्यायचं कशात? आमच्याकडे तीनमजली केकचं खोकं असतं, वरून गुलाबी फीत छापलेली. त्यात मशीन अगदी मापात बसलं. खोकं छातीशी धरून बसमध्ये चढले तर लोक बाजूलाच व्हायला लागले! "सांभाळून, केक आहे, केक आहे." एका आजोबांनी उठून जागा दिली. कंडक्टर म्हणाला, "कुणाचा वाढदिवस?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीचा." काय करणार, एवढ्या लोकांचा हिरमोड कोण करेल? उतरताना आजोबा म्हणाले, "बहिणीला आशीर्वाद सांगा." चिमणीला सांगितला. ती म्हणे, खोट्या केकवरचा आशीर्वाद लागतो का? म्हटलं, आजोबा खरे होते.

दुकानात त्याने खोकं उघडलं, मशीन काउंटरवर उचलून ठेवलं. मग झाकण काढून आत टॉर्च मारला. "मॅडम, तुम्ही काय काम करता?"

"बेकरीत. केक सजवते."

"तरीच," म्हणाला. "आत मैदा आहे."

पंख्यांवर मैद्याचा थर! मी कामावरून आले की ॲप्रन मशीनच्या वरच्या खुंटीला टांगते, तो रोज झडत होता. आणि मैदा परवडला, पिठीसाखरही होती. पंख्याच्या कडेने मुंग्यांची रांग चालली होती, शिस्तीत, शाळा सुटल्यासारखी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या माणसाने मात्र ब्रश घेतला आणि एकेक मुंगी कागदावर घेऊन बाहेर पायरीवर सोडून आला. एकेक! गिऱ्हाईक उभं होतं तरी.

तासभर साफ केल्यावर मशीन सुरू केलं तर आवाजच नाही. इतके दिवस ते विमानासारखं घोंघावायचं. मी नवा पंखा घ्यायला निघाले होते, त्यासाठी पैसेही बाजूला ठेवले होते. "नको," म्हणाला. "ॲप्रन फक्त दुसरीकडे टांगा."

आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवतात का? धंदा करायची अक्कल नाही याला. असंच चाललं तर दुकानाला टाळं लागेल. सफाईचेही पैसे घेईना, म्हणून पिशवीतले दोन बन दिले. उरलेले होते.

९ मार्च, सोमवार

चिमणीला सगळं रंगवून सांगितलं. ती मधेच म्हणाली, "थांब थांब. तू त्याला काय म्हणून हाक मारतेस?"

"अहो म्हणते."

"अहो?" ती खिदळायला लागली. "ताई! थेट अहो?"

"मग परक्या दुकानदाराला अरे म्हणू?"

"नाही नाही, अहोच म्हण. छान वाटतं."

पलंगावर पडून पडून या मुलीचं डोकं फिरलंय. मी विषय बदलला आणि जहाज खडकावर घातलं.

११ मार्च, बुधवार

आज पुन्हा मशीन केकच्या खोक्यातून नेलं, रॅमच्या खरेदीला. रॅम म्हणजे मशीनची कामापुरती आठवण. टूथब्रशएवढी लांब, चपटी पट्टी असते, याच्या दुकानात तिला काडी म्हणतात. नव्या खेळाला सोळा जीबी लागतात. माझ्याकडची काडी चारची, तीही म्हातारी.

"आठ-आठच्या दोन घ्या," तो म्हणाला. "एका मापाची जोडी. दोघी मिळून काम वाटून घेतात, त्यामुळे वेगही वाढतो."

पण डब्यात बघायला नको? जोडी घेतली तर कार्ड हलकं घ्यावं लागतं. कार्ड चांगलं घेतलं तर काडी एकच येते. मी कार्डाच्या बाजूने. समुद्र नीट दिसायला नको का?

"एकीवर चालेल, पण वादळात अडखळेल," तो म्हणाला.

"अडखळू दे. एकच काडी द्या."

"मॅडम, जोडी घेतली तर..."

आता सकाळपासून उभी, पाय दुखताहेत, आणि हा आपला जोडी जोडी. मी म्हटलं, "अहो, मला जोडी नको. जोडी करून झाली, काडीमोडही झाला. माझं एकटीचं भागतं."

असं बोलून बसले भर दुकानात! त्याने हातातलं खोकं उलटंपालटं करून बघितलं. मग "बरं," म्हणाला, आत गेला, बराच वेळ काहीतरी फाडाफाडीचा आवाज आला, आणि एक काडी घेऊन बाहेर आला. लाल पट्ट्याची, देखणी. पैसे जोडीच्या बरोबर निम्मे घेतले.

जुनी काडी शेजारी ठेवून बघितली, तर दोघींचं पटेना. मशीन सुरूच होईना. जुनी काढली तशी लगेच सुरू झालं. "जुनीला निरोप द्या," तो म्हणाला. दिला.

बाकी बन त्याला आवडले म्हणे. आज तीन नेले होते. उरलेलेच.

१७ मार्च, मंगळवार

कार्ड आलं की सांगतो म्हणाला, म्हणून काल विचारायला गेले. "उद्या या." शुक्रवारी गेले होते तेव्हाही "उद्या या." आज गेले तर कार्ड आलंय, पण देत नाही! "वापरलेलं आहे, तपासून देतो. तुमच्याच खेळावर तपासतोय." चक्क काउंटरवर आमचं जहाज चालू! मी म्हटलं, किती तपासायचं ते? म्हणाला, गरम होऊन बंद पडतं का ते बघायला तासन्तास चालवावं लागतं.

असेल बाई. पण या माणसाला एका फेरीत काम उरकणं माहीतच नाही. माझ्या चपला झिजल्या. मालकीणबाई म्हणाल्या, "आजकाल तू कामावरून निघताना केस विंचरतेस." केसात मैदा असतो म्हणून विंचरते. मुंग्या प्रकरणानंतर स्वच्छता नको?

१९ मार्च, गुरुवार

कार्ड मिळालं! एसएमपीएस बसला, कार्ड बसलं, घरी येऊन जुना भाग लावून बघितला आणि मी ओरडलेच. समुद्र असा असतो होय? इतके दिवस आम्ही निळ्या गोधडीवरून जहाज हाकत होतो. लाटेला फेस आहे, दोरखंडाला पीळ आहे, ठोंब्यांना भुवया आहेत!

चिमणीला एकेक वर्णन करून सांगितलं. "ताई, तू भुवयांचं काय घेऊन बसलीस, जहाज बघ," म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसलो. म्हणजे मी धरलं, तिला धरायची गरजच नाही, पोटच पुढे आहे.

डब्यात आता तळाला दोन चिल्लर नोटा. पण काम फत्ते.

२२ मार्च, रविवार

काम कसलं फत्ते, डोंबल.

कंपनीने नवा भाग आज दोन तास चाखायला दिला होता. बंदरातून मस्त निघालो. मग वादळ आलं आणि मशीन अडखळायला लागलं. लाट इथे, मग एकदम तिथे. मी सुकाणू डावीकडे वळवलं तर जहाज तीन श्वासांनी वळलं, तोवर खडक पोटात. पुन्हा निघालो, पुन्हा खडक. तिसऱ्यांदा चिमणी हसली नाही.

"ताई, राहू दे," म्हणाली. "तुला त्रास नको. मी काहीतरी बघेन. पुस्तकं वाचेन."

चिमणी आणि पुस्तकं! आवाज इतका बारीक झाला होता तिचा. लहानपणी आई तिला खोलीत बंद करायची तेव्हा दाराच्या फटीतून मला असाच हाक मारायची. मी "करते काहीतरी" म्हटलं, फोन ठेवला आणि रडले. चांगली भोकाड पसरून रडले, लपवायचं काय इथे.

वादळात अडखळेल असं त्याने सांगितलं होतं. मीच शहाणी. समुद्राच्या फेसावर भाळले. दुसरी काडी हवी आणि पगार पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला. एकतीसला खेळ सुरू होणार, तेव्हाच हवी मला. हिच्या दिवसांना पगाराची तारीख समजत नाही.

त्याच्याकडे उधार मागायचं? जीभ उचलत नाही. भर दुकानात 'माझं एकटीचं भागतं' म्हणून आलेय ना.

२४ मार्च, मंगळवार

आज दुपारी मुद्दाम लांबच्या मोठ्या दुकानात गेले. काचेचं, गारेगार. म्हटलं, जुनी एखादी काडी स्वस्तात मिळेल, बुडत्याला काडीचा आधार. इथे तर ती म्हण शब्दशः खरी.

माझ्या काडीचा फोटो दाखवला. तिथल्या टाय लावलेल्या माणसाने बघितलं आणि हसला. "ही सुटी कुणी दिली तुम्हाला? ही सुटी मिळतच नाही. जोडीचंच खोकं येतं. एक काढली की दुसरी कुणी घेत नाही, पडून राहते."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणीतरी तुम्हाला अर्धी जोडी चिकटवली, मॅडम."

अर्धी जोडी! बसमध्ये माझं डोकं जे तापलं ते अजून उतरलेलं नाही. म्हणून फाडाफाडीचा आवाज होता तर! बनावर बन खाऊन मला अर्धं सामान! आणि मी त्या मुंग्या सोडणाऱ्या हातांवर भरवसा ठेवला. फसवणुकीचं एवढं नाही, पण त्याने फसवावं? याचंच फार लागलं. का ते कळत नाही. उद्या जाते आणि बघते.

२५ मार्च, बुधवार

कसं लिहू? क्रमाने लिहिते.

गेले. बन नेले नाहीत. दुकानात एक गिऱ्हाईक माउस घेऊन उभं होतं, त्याच्यासमोरच सुरू केलं. "अहो, अर्धी जोडी विकता? मी काडी मागितली म्हणून मोडकं खोकं गळ्यात मारता? तिकडे माझी बहीण पलंगावर पडून आहे आणि आमचं जहाज वादळात फुटतंय! दुसरी काडी कुठाय?"

त्याने चष्मा कपाळावर सरकवला. मग काउंटरवरचं त्याचं स्वतःचं मशीन बंद केलं, बाजूचं झाकण उघडलं आणि टॉर्च माझ्या हातात दिला. म्हणाला, "बघा."

आत लाल पट्ट्याची एक काडी. शेजारची खाच रिकामी.

"कंपनी जोडीच देते," तो म्हणाला. "तुम्हाला एकच हवी होती. म्हणून जोडी मी फोडली. निम्मे पैसे तुम्ही दिलेत, निम्मे मी घातले. तेव्हापासून माझंही मशीन एकीवरच चालतंय."

"पण का?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणालात, एकटीचं भागतं. मीही इतकी वर्षं तेच म्हणत आलोय." मग म्हणाला, "आणि दुसरी परक्याला विकवेना."

माउसवालं गिऱ्हाईक माउस न घेताच हळूच बाहेर गेलं.

तोवर याने खटकन काडी काढून माझ्या तळहातावर ठेवली. "घेऊन जा. तुमच्या बहिणीला वादळ पार करायचंय."

"मग तुमचं मशीन?"

"राहील बंद. त्यावर हिशेब असतो आणि फार तर पत्ते."

मला धड आभार मानता आले नाहीत. "फुकटचं मला पचत नाही," असलं काहीतरी बरळले, काडी काउंटरवर ठेवली आणि पळून आले. हो, पळूनच. इतकी माणसं बघितली, घेणारी बघितली, न्यायालयात सोफ्यावरून भांडणारा बघितला. स्वतःच्या मशीनची सगळी आठवण काढून कुणी हातावर ठेवेल हे बघितलं नव्हतं. काडीची अक्कल नाही मला.

२६ मार्च, गुरुवार

चिमणीला सांगितलं. तिने सगळं दोनदा सांगायला लावलं.

"ताई," शेवटी म्हणाली, "तू त्याच्याकडे तीन आठवडे बन घेऊन जातेस."

"उरलेले."

"आणि तो तुला रोज उद्या या म्हणतो."

"संथ आहे तो."

"देवा!" म्हणाली. "मी इथे पलंगावरून उतरू शकत नाही, नाहीतर तिथे येऊन तुझे कान उपटले असते!"

असं लहान बहिणीने बोलावं! पण काय म्हणायचं आहे तिला ते कळलं मला, मी काही कुक्कुलं बाळ नाही. फक्त तसं काही असेल यावर विश्वास बसत नाही. धंद्यातलं काही गणित असेल. सुटी काडी पडून राहण्यापेक्षा बरं, असं काही.

मग तीच म्हणाली, "फुकट पचत नसेल तर फुकट घेऊ नकोस. नव्या भागात एका मशीनवर दोघांना बसता येतं. आपल्याकडे दोन ठोंबे आहेत. एकाला काढ आणि तिथे माणूस बसव. त्याची काडी, तुझं मशीन. झाली भागीदारी."

मुलगी पडून पडून हुशार झालीय. ठोंब्याची जागा द्यायची तर विचारायला मलाच जावं लागणार, हे मात्र अवघड.

२८ मार्च, शनिवार

गेले. आधी मुंग्यांचं विचारलं, मग हवेचं, मग शेजारच्या चपलांच्या दुकानात सेल आहे का ते. ताकाला जाऊन भांडं लपवत होते. शेवटी डोळे मिटून बोलून टाकलं, "अहो, आमच्या जहाजावर एक जागा रिकामी आहे. नांगराची. मंगळवारी सातला. काडी घेऊन याल का?"

मग डोळे उघडले. तो चष्मा शोधत होता. नाकावरच होता.

"येतो," म्हणाला. "वादळात डावा नांगर आधी टाकायचा ना? उजवा टाकला की जहाज गिरकी घेतं."

"तुम्हाला काय माहीत?"

"कार्ड तपासताना," म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. कार्ड तपासायला किती वेळ लागतो ते मला आज समजलं.

घरी येताना बसमध्ये मी एकटीच हसत होते. कंडक्टर तोच होता. "काय, आज केक नाही?" म्हणाला.

३१ मार्च, मंगळवार

तो सव्वासहालाच आला, इस्त्रीचा शर्ट घालून, काडी खिशात रुमालात गुंडाळून. मी ॲप्रन स्वयंपाकघरात टांगला होता, ते आधी बघितलं त्याने. मग झाकण उघडलं, दुसरी काडी शेजारच्या खाचेत ठेवली, दोन अंगठ्यांनी दाबली. टक्. मशीन सुरू झालं. पडद्यावर सोळा. 'तुमचा संगणक सज्ज आहे.' मी आणि तो दोघेही त्या पाटीकडे बघतच राहिलो.

सातला चिमणी आली. "ताई, शेजारी कोण आहे गं?" मुद्दाम! सगळं ठाऊक असून. तो माइकजवळ वाकून म्हणाला, "नमस्कार, मी नवा ठोंब्या." ती जी हसायला लागली, ती बंदर सुटेपर्यंत थांबली नाही.

वादळ आलं. रविवारच्यापेक्षा मोठं. लाट आली ती सलग आली, एक धागा तुटला नाही. मी सुकाणू वळवलं, जहाज त्याच क्षणी वळलं! चिमणी ओरडत होती, "शिडं उतरवली! ताई, खडक, डावीकडे खडक!" मी सुकाणूला लोंबकळले आणि ओरडले, "अहो, नांगर टाका! अहो, डावा!"

टाकला. डावाच. जहाज खडकाला घासून, शहारून, निघून गेलं आणि पलीकडे निवांत पाणी.

मी सुकाणूवरचे हात सोडले. मग चिमणी म्हणाली, "ताई, काय गोड म्हणतेस गं अहो," आणि मग एकदम रडायला लागली, हसत रडायला लागली. "बाळ लाथा मारतंय. त्यालाही कळलं बहुतेक. उद्या सातला परत?"

"उद्या सातला," मी म्हटलं. "आणि परवाही."

आठ वाजता तो निघाला. दारात चपला घालताना म्हणाला, "माझी काडी काढून नेऊ का? की राहू दे?"

मी म्हटलं, "राहू दे. जोडीने वेग वाढतो म्हणाला होतात ना."

"मग हिशेब लिहायला मला इथेच यावं लागणार. माझं मशीन बंद आहे."

"या की," मी म्हटलं. "बन असतातच."

"उरलेले?" त्याने विचारलं.

मी घाईने दार लावलं आणि कितीतरी वेळ दाराला टेकून उभी होते. आनंद झालाय मला. इतका की फ्रीज नाही, डबा रिकामा आहे आणि दूध उद्या नासणार, तरी काही वाटत नाहीये. त्याला सांगायला उद्या तोंड उघडेल की नाही कुणास ठाऊक, म्हणून निदान इथे लिहून ठेवते. उरलेले नसायचे. एकदाही नाही. रोज त्याच्यासाठी वेगळे भाजायची.